मुलाच्या हातून वर्षात दोन अपघात, विम्याचा हप्ता पावणेदोन पट: फुल ठेवू की थर्ड पार्टीवर जाऊ?

सोलापुरी हिशेबनीस

नमस्कार मंडळी. पुढच्या वीस तारखेला गाडीच्या विम्याची मुदत संपतेय. आठवडाभर डोक्यात दुसरं काही नाही, म्हणून इथे विचारतो.

गाडी सहा वर्षांपूर्वी घेतलेली, पेट्रोल, ११९७ सीसी, माझ्या नावावर. पाच वर्षं मीच चालवली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना ते जुळे सोलापुरातलं घर, एवढंच. एकही क्लेम नव्हता, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर गेला होता. गेल्या वर्षी मुलाला लायसन्स मिळालं, वय २२. पहिल्या तीन महिन्यांत आसरा चौकात रिव्हर्स घेताना मागचा बंपर आणि टेललॅम्प गेला. मग डिसेंबरात संध्याकाळी विजापूर रोडवर उसाच्या ट्रॉलीला मागून धडक. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मुलगा सुखरूप राहिला, शेजारी बसलेल्या मित्राचा हात मोडला. त्याच्या आईसमोर उभं राहताना काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

आता आकडे. पॉलिसी फुल, म्हणजे ओडी आणि थर्ड पार्टी दोन्ही. गेल्या वर्षी ओडी (आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग) ३,८००, थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग) ३,४१६, पीए (वैयक्तिक अपघात विमा) ३५०, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ८,९२८. यंदा एनसीबी शून्य, त्यामुळे ओडी ७,४००, त्यावर दोन क्लेमचं लोडिंग (जादा आकार) १,८५०, बाकी तेच. एकूण १५,३५९. शिवाय झिरो डेप (भागांवरचा घसारा न कापणारं जादा संरक्षण) देणार नाही म्हणाले.

एजंट म्हणतो, "काका, गाडी जुनी झाली. थर्ड पार्टी करून टाका, साडेचार हजारात काम होतंय." दुसरा म्हणतो, "कंपनी बदलू, फॉर्मवर क्लेम लिहायचेच नाहीत." घरात मत पडलंय की मुलाला चावीच देऊ नये. तुम्ही काय केलं असतं?

चिन्नीदादा

पोरगं सुखरूप हाय, हे पहिलं. मित्राचा हात कसा हाय आता ते सांगा की ओ.

सोलापुरी हिशेबनीस

प्लास्टर निघालं. फिजिओथेरपी चालू आहे. दवाखान्याचा खर्च आम्हीच केला.

विमाताई

काका, मी २४ वर्षं विमा कंपनीच्या मोटार विभागात काढली, मागच्या वर्षी निवृत्त झाले. सविस्तर लिहिते.

आपल्याकडे विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. वैध लायसन्स असलेला कुणीही तुमच्या संमतीने गाडी चालवू शकतो आणि पॉलिसी लागू राहते. म्हणूनच मुलाच्या चुकीची किंमत तुमच्या एनसीबीने मोजली. थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला जून २०२२ पासून ३,४१६ आहे. तिथे तुमचे क्लेम, मुलाचं वय, चलान, काहीच बघितलं जात नाही. वाढ सगळी ओडीत होते, आणि ओडीचा दर प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे निदान तीन-चार कंपन्यांचे आकडे मागवा. दोन क्लेमवर एक कंपनी २५ टक्के लोडिंग लावेल, दुसरी लावणारही नाही.

आता तुमचा पहिला क्लेम. बिल किती होतं आणि हातात किती आलं?

सोलापुरी हिशेबनीस

बिल ६,८००. त्यातले ५,२०० प्लास्टिकच्या भागांचे, १,६०० मजुरी. कंपनीने दिले ३,२००.

विमाताई

अगदी नियमाने दिलेत. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉनवर ५० टक्के घसारा, म्हणून ५,२०० चे २,६००. त्यात मजुरी मिळवा, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने आपल्या खिशातून. राहिले ३,२००.

आता या ३,२०० साठी काय गेलं ते बघा. तुम्ही ५० टक्क्यांवरून शून्यावर आलात. पुढे क्लेम नसेल तर दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि मग पुन्हा ५०. म्हणजे यंदा ५० टक्के गमावले, पुढच्या वर्षी ३०, मग २५, मग १५, मग ५. बेरीज १२५ टक्के. ओडी ७,४०० च धरला तरी ९,२५०, जीएसटीसह जवळपास ११ हजार. दुसऱ्या अपघातात एनसीबी जाणारच होता, त्यामुळे तुमच्या बाबतीत हे नुकसान एकदाच मोजायचं. पण तो दुसरा अपघात झाला नसता, तर बंपरच्या त्या एका क्लेमनेच तुम्हाला ११ हजारांना घातलं असतं. शिवाय लोडिंग क्लेमच्या संख्येवर लागतं, तिथे तो बंपर आजही मोजला जातोय. इतकी वर्षं मी काउंटरवर हे सांगत आले, लोक ऐकायचे आणि तरी फॉर्म भरायचे, म्हणून एवढं लांबवलं.

गॅरेजवाला बाळे

ताईंचं शंभर टक्के खरं. माझ्याकडे गाडी आली की मी आधी विचारतो, एनसीबी किती आहे? दहा हजारांच्या आतलं काम असेल तर रोखीत करा म्हणतो. माझा धंदा दोन्हीकडून होतो, म्हणून माझ्या बोलण्यावर शंका घेऊ नका. आणि बंपर दरवेळी नवा टाकायची गरज नसते. प्लास्टिक वेल्डिंग करून रंग मारला की १,८०० ते २,००० त होतं.

उजनीकाठ

मग झिरो डेप असता तर?

गॅरेजवाला बाळे

तर ५,२०० पूर्ण मिळाले असते, पण एनसीबी गेलाच असता. तो झिरो डेपने वाचत नाही. त्यासाठी एनसीबी प्रोटेक्ट हे वेगळं ॲडऑन (जादा हप्त्याचं संरक्षण) असतं, आणि ते क्लेम व्हायच्या आधी घेतलेलं असावं लागतं.

मोहोळचा शेतकरी

धागा वाचला. एक बोलतो, राग मानू नका. दरवेळी उसाच्या ट्रॉलीवर ढकललं जातं. आम्ही रात्रभर फडात असतो, गाडी कारखान्यावर नंबरला लागते, दोन-दोन दिवस झोप नसते. ट्रॉली ताशी १५-२० ने चाललेली असते. मागून ८० ने येणाऱ्याने पुढे बघायचं नाही का?

सोलापुरी हिशेबनीस

दादा, मुलाची चूक मी नाकारत नाही. पोलिसांतही त्याने खरं तेच सांगितलं, वेग ६५-७० होता. पण तिन्हीसांजेला धूळ, समोरून येणाऱ्यांचे अपर लाइट, त्यात मागे काहीच चमकत नसलेली ट्रॉली. अंतर कळतच नाही.

काळा कोट

मोटार अपघात दावे चालवते, म्हणून लिहिते. अशा प्रकरणात न्यायाधिकरण दोन्ही बाजूंची चूक टक्क्यांत वाटू शकतं. दिवा-रिफ्लेक्टर नसणं ही ट्रॉलीवाल्याची हयगय ठरते, वेग आवरता न येणं ही गाडीवाल्याची. हिशेबनीस काका, मुलाच्या मित्राच्या बाजूने भरपाईचा अर्ज होऊ शकतो, त्यात दोन्ही वाहनांच्या विमा कंपन्या येतात. त्याचे सगळे कागद जपून ठेवा.

आणि याच कारणाने तुमच्या एजंटाचा सल्ला मला मान्य नाही. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत रस्त्यावरचा माणूस येतो, समोरच्या गाडीतला येतो, पण तुमच्याच खासगी गाडीत बसलेला मित्र, बायको, आई येत नाही. फुल पॉलिसीत ते येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा फरक स्पष्ट केला आहे. डिसेंबरात तुमच्याकडे नुसती थर्ड पार्टी असती आणि त्या मुलाला हातापेक्षा जास्त काही झालं असतं, तर तुमच्या मुलाच्या चुकीचा वाटा तुमच्या राहत्या घरातून वसूल झाला असता. मी अशी घरं विकली जाताना पाहिली आहेत.

सोलापुरी हिशेबनीस

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी समजत होतो की थर्ड पार्टीत फक्त आपल्या गाडीचा पत्रा सुटतो.

स्वाती, सैफुल

मीही हेच समजत होते! आमची ११ वर्षांची गाडी थर्ड पार्टीवर आहे आणि दर पौर्णिमेला सासू-सासऱ्यांना घेऊन अक्कलकोटला जातो. उद्याच बघते.

काळा कोट

स्वातीताई, जुन्या गाडीलाही फुल मिळते. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) कमी असल्याने ओडीचा हप्ताही कमी बसतो. फक्त गाडीची तपासणी करून घेतात, फोटो काढतात.

अनिवासी पेठकर

मूळचा नवी पेठेतला, सध्या कॅलिफोर्नियात. इकडे उलटं आहे. विमा भरताना घरातल्या प्रत्येक चालकाचं नाव द्यावं लागतं आणि हप्त्यात पहिलं वजन चालवण्याच्या इतिहासाला असतं, मग वर्षाला किती मैल, मग किती वर्षांचा अनुभव. १९८८ साली मतदारांनी कायदाच तसा करून घेतला. मला एका वर्षात वेगाचं एक तिकीट आणि माझ्या चुकीचा एक अपघात झाला. दोन पॉइंट झाले, चांगल्या चालकाला मिळणारी २० टक्के सवलत गेली, वर दर वाढला. ते पॉइंट तीन वर्षं अंगावर राहिले. दारू पिऊन सापडलेल्याला तर विमा कंपनीमार्फत सरकारकडे एसआर-२२ नावाचं प्रमाणपत्र बहुधा तीन वर्षं ठेवावं लागतं. मध्ये विमा तुटला की कंपनी लगेच कळवते आणि लायसन्स निलंबित होतं.

मला हे न्याय्य वाटतं. हिशेबनीस काकांनी पाच वर्षं नीट चालवली, त्याचं फळ त्यांच्याजवळ राहायला हवं. वाढीव हप्ता मुलाच्या नावावर पडला पाहिजे.

उजनीकाठ

आपल्याकडेही हा विचार झालाय. विमा नियामकाच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये सुचवलं होतं की वाहतुकीचे नियम मोडल्याचे गुण मोजून हप्त्यात वेगळा भाग घालावा. दारूला १००, चुकीच्या पार्किंगला १०. सुरुवात दिल्लीत करायची असं म्हटलं होतं. पण त्यातही गुण गाडीला जोडलेले होते, भरणार मालकच. म्हणजे काकांची अडचण तशीच राहते.

मोहोळचा शेतकरी

चलानावर हप्ता ठरवला तर गरिबाचं मरण. माझ्या पिकअपला तीन चलानं चुकीची आली, दुसऱ्याच गाडीचा नंबर. ती रद्द करायला सोलापूरला किती खेपा घालायच्या?

अनिवासी पेठकर

हा मुद्दा पटला. नोंद चुकीची असेल तर दुरुस्तीची सोपी वाट आधी हवी. इकडे वाहतूक शाळा पूर्ण केली की १८ महिन्यांतून एकदा तिकिटाचा पॉइंट झाकला जातो. माणसाला सुधारायची संधी मिळते. तसं काही तिकडे यावं.

चिन्नीदादा

पेठकर, तिकडं कडक भाकरी मिळते का ते सांगा आधी. विम्याचं आम्ही बघून घेऊ.

अनिवासी पेठकर

आई कुरिअरने पाठवते हो दादा. शेंगाचटणीसकट. दोन महिने पुरवतो.

होटगी रोड

मी वेगळं बोलतो. मुलाला चावी देऊ नका हे घरातलं मत बरोबर आहे. वर्षात दोन म्हणजे इशारा आहे. माझ्या भावाने तिसऱ्याची वाट बघितली. दारूही होती. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमची मर्यादा, त्याची त्याहून किती तरी वर निघाली. गाडीच्या नुकसानीचा क्लेम एका पत्रात नाकारला, चार लाखांची गाडी भंगारात गेली. तो वाचला, पण उजवा पाय आखूड झाला. विम्याचं गणित घालून मन मोकळं करता येत नाही. आधी चालवायला शिकवा.

विमाताई

होटगी रोड, तुमच्या दुःखात सहभागी आहे. पण इथे दारू नव्हती, आणि नवा चालक घरात कोंडून चांगला होत नाही. चावी काढून घेतली तर तो मित्राची गाडी चालवेल, तिथे काय पॉलिसी आहे हे काकांना कळणारही नाही.

काका, आणखी एक गोष्ट सगळेच विसरतात. तुमच्या हप्त्यात पीएचे ३५० आहेत. १५ लाखांचं ते संरक्षण फक्त मालक-चालकाचं, म्हणजे तुमचं. मुलगा चालवत असताना त्याला काही झालं तर त्यातून एक पैसा मिळत नाही. तो थर्ड पार्टीतही बसत नाही, कारण तुमची गाडी घेऊन तो तुमच्याच जागी उभा असतो. जो सगळ्यात जास्त धोक्यात आहे, तोच उघडा आहे! त्याच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. बसणाऱ्यांसाठी गाडीच्या पॉलिसीत पीए घेता येतो, माणशी जास्तीत जास्त २ लाख. पगारी ड्रायव्हर ठेवणार असाल तर ५० रुपयांत त्याची कायदेशीर जबाबदारी जोडून घ्या.

तुळजापूर नाका

कंपनी बदलून क्लेम न लिहिण्याचं काय? आमच्या गल्लीत दोघांनी केलंय, काही झालं नाही.

विमाताई

क्लेम करेपर्यंत काहीच होत नाही. क्लेम आला की नवी कंपनी जुन्या कंपनीकडे एनसीबीची खातरजमा करते. खोटं निघालं की क्लेम कापला जातो किंवा नाकारला जातो, आणि फॉर्मवर सही तुमची असते, एजंटाची नाही. माझ्या टेबलावर अशी माणसं रडली आहेत. १५ हजार वाचवायला गेले आणि दीड लाख गेले. काका, हा मार्ग नको.

गॅरेजवाला बाळे

ॲडऑनचा विषय निघालाच आहे तर, झिरो डेप मिळत नसेल तरी इंजिन प्रोटेक्ट मिळतं का ते विचारा. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा माझ्याकडे पाण्यात गेलेल्या गाड्यांची रांग लागली होती. ज्यांनी पाणी उतरल्यावर किल्ली फिरवली त्यांची इंजिनं बसली, कनेक्टिंग रॉड वाकले. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान मिळतं, पण पाणी असताना सेल मारून बसलेलं इंजिन मिळत नाही. पाण्यात गाडी थांबली की किल्लीला हात लावू नका, टोइंग बोलवा. एवढं एक तरी लक्षात ठेवा.

उजनीकाठ

काकांची गाडी रोज थोडीच चालते. जुलै २०२२ पासून नियामकाने 'जेवढं चालवाल तेवढं भरा' आणि 'जसं चालवाल तसं भरा' अशी दोन्ही ॲडऑन्स आणायला परवानगी दिली आहे. पहिल्यात किलोमीटरचा गट निवडायचा. दुसऱ्यात मोबाइल ॲप किंवा गाडीत बसवलेलं यंत्र वेग, ब्रेक, वळणं मोजतं. मुलासाठी दुसरं बघा. माझी मुलगी ॲपवरचे गुण वाढवायच्या नादात खरंच सावकाश चालवायला लागली.

स्वाती, सैफुल

माहिती: आमची पॉलिसी संपून चार महिने झालेत हे आज कळलं. आम्ही रोज चालवत होतो!

काळा कोट

गाडी आत्ताच्या आत्ता जागेवर ठेवा. विमा नसताना पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, पण खरी भीती ती नाही. या चार महिन्यांत कुणाला धक्का लागला असता तर सगळी भरपाई तुमच्या माथी आली असती.

विमाताई

फुल पॉलिसी असणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवा: मुदत संपून ९० दिवस झाले की साठलेला एनसीबी जातो. हिशेबनीस काका, तुमचा शून्यच आहे, पण पुढे साठवायचा आहे. तारीख चुकवू नका.

तुळजापूर नाका

आणि कंपनीने विनाकारण क्लेम अडवला तर? माझा अडकलाय. ७२ हजारांचं काम, "चालक दुसराच होता" म्हणून नाकारला. चालक मीच होतो.

काळा कोट

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. सोलापूर त्यांच्याच हद्दीत येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद ते बघतात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जा. टोल नाक्याची पावती, फास्टॅगची नोंद, तुमच्या फोनचं लोकेशन, जे असेल ते जोडा.

होटगी रोड

वर मी जरा कडक लिहिलं. काका, मुलाला सरावाला कुणी नसेल तर मला सांगा. मी २० वर्षं एसटी चालवली. रविवारी पहाटे रस्ते मोकळे असतात. रिव्हर्स, अंतर ठेवणं, आणि मुख्य म्हणजे समोरचे दिवे डोळ्यांवर आले की पाय कुठे असावा, हे शिकवतो. पैसे नकोत.

सोलापुरी हिशेबनीस

मंडळी, उशीर झाला, माफ करा. सगळं वाचलं, दोनदा. मुलालाही वाचायला दिलं.

पाच कंपन्यांचे आकडे मागवले, सगळीकडे दोन्ही क्लेम खरे लिहिले. दोघांनी नाही म्हटलं. एकीने लोडिंग न लावता फुल दिली. ५,००० ची स्वेच्छा कपात (क्लेममधली तेवढी रक्कम आपणच सोसायची) घेतली, कारण त्याखालचा क्लेम करायचाच नाही असं ठरवलंय. त्यात सूट फार नाही, हजार-दीड हजाराच्या घरात. सहा वर्षांच्या गाडीला झिरो डेप नाही मिळाला, इंजिन प्रोटेक्ट मिळालं. बसणाऱ्या चौघांचा पीए घातला. मुलाच्या नावाने अपघात पॉलिसी वेगळी घेतली. हे सगळं धरून साडेचौदा हजारांच्या आत बसलं. गेल्या वर्षीपेक्षा जास्तच आहे, पण आता कुणाला काय मिळणार हे मला माहीत आहे.

यातले पाच हजार मुलगा त्याच्या पहिल्या पगारातून देणार आहे. मी मागितले नव्हते. मित्राच्या आईला भरपाईच्या अर्जाबद्दल सांगितलं, काळा कोट ताई, तुम्हाला व्यक्तिगत संदेश पाठवला आहे.

होटगी रोड दादा, रविवारी साडेपाचला कुठे येऊ?

होटगी रोड

कुंभारीच्या पुढे चहाची टपरी आहे तिथे. त्याला चालवत आणू द्या, तुम्ही शेजारी बसा.

मोहोळचा शेतकरी

हिशेबनीस, काल आमच्या वस्तीवरच्या नऊ ट्रॉल्यांना मागून लाल आणि बाजूने पिवळी चमकती पट्टी मारली. ट्रॉलीमागे सव्वातीनशे खर्च आला. ऊस लोंबून पट्टी झाकतो, म्हणून खालच्या आडव्या पट्टीला मारली. रात्री लांबून बॅटरी मारून बघितलं, दिसतंय. आणखी तिघांनी विचारलंय.

गॅरेजवाला बाळे

त्यांना बाळ्याला गॅरेजवर पाठवा दादा. पट्टी माझ्याकडे आहे, मूळ किमतीत देतो, लावायचं काही घेणार नाही.